रांगेत उभ्या माणसाची बाजू

कॉमिक्सला साहित्याच्या पंगतीत पाट मिळाला खरा, पण तो अटीवर मिळाला. आर्ट स्पीगलमनच्या 'माउस'ला 1992 साली पुलित्झरचं खास पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यामागे आउशवित्झ उभं होतं. मार्जान सत्रापीच्या 'पर्सेपोलिस'मागे इराणची क्रांती आणि इराकशी झालेलं युद्ध होतं. तेव्हापासून जाणत्या वाचकांमध्ये एक हिशेब रूढ होऊन बसला आहे. लेखकाने आपलं आयुष्य चौकटींत मांडावं, जरूर मांडावं, पण त्याच्या पाठीशी इतिहासाचा एखादा मोठा घाव हवा. तो नसेल, नुसतं ऑफिस, घरभाडं, सर्दी-पडसं, बायकोशी कुरबुर आणि दुकानातली रांग एवढंच असेल, तर ते आत्ममग्न माणसाचं रडगाणं. ते छापावं कुणी, आणि छापलंच तर वाचावं कुणी? हा आक्षेप घेणारे अडाणी नाहीत. त्यातले बरेचजण कॉमिक्सवर मनापासून प्रेम करतात, म्हणून तर उत्तर द्यावंसं वाटतं. माझं म्हणणं असं की हा हिशेबच उलटा मांडलेला आहे. रोजच्या जगण्याला कॉमिक्समध्ये यायला कुणाचा जामीन लागत नाही. वाया जाणारा वेळ आणि चारचौघांतला 'मी' या दोन गोष्टी गद्याला आणि कॅमेऱ्याला धड पेलत नाहीत, आणि नेमक्या त्याच चौकटींच्या पानावर आपल्या घरी आल्यासारख्या वावरतात.

आक्षेपाचा कस लावायचा तर सर्वांत अवघड उदाहरणावर लावावा, आणि ते हार्वी पीकारचं आहे. ओहायोतल्या क्लीव्हलंड या कारखान्यांच्या शहरात 1939 साली जन्मलेला, पोलंडहून आलेल्या ज्यू किराणा दुकानदाराचा हा मुलगा. 1960च्या दशकाच्या मध्यापासून 2001 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फाइल क्लार्क होता. रुग्णांचे कागद शोधायचे, मागणाऱ्या विभागाला पोचवायचे, परत आले की जागच्या जागी लावायचे. जॅझच्या जुन्या तबकड्या जमवण्याचा नाद होता. त्या नादापायी 1962 मध्ये त्याची रॉबर्ट क्रमशी ओळख झाली. क्रम तेव्हा त्याच शहरात भेटकार्डांच्या एका कंपनीत नोकरीला होता, भूमिगत कॉमिक्सचा बादशहा व्हायला अजून काही वर्षं होती. पीकारला स्वतःला चित्र काढता येत नव्हतं. तो कागदावर चौकटी आखून त्यांत काडीची माणसं काढी, कुठल्या चौकटीत कोण काय बोलतो आणि कुठल्या चौकटीत कुणीच काही बोलत नाही हे ठरवून देई, आणि पुढचं चित्रकारावर सोपवी. 1976 साली त्याने पदरचे पैसे घालून 'अमेरिकन स्प्लेंडर'चा पहिला अंक काढला आणि पुढची कित्येक वर्षं साधारण वर्षाला एक असे अंक तो स्वतःच काढत राहिला. शीर्षकातलं ते 'वैभव' अर्थातच तिरकस आहे. आत ना युद्ध, ना क्रांती, ना छळछावणी.

'काहीच घडत नाही' ही पहिली तक्रार. क्रमने चित्रित केलेली पीकारची एक प्रसिद्ध गोष्ट सुपरमार्केटच्या रांगेबद्दल आहे. गल्ल्यासमोर दोन-तीन रांगा असतात, त्यांतली कोणती धरायची हा प्रश्न. म्हाताऱ्या ज्यू बाईच्या मागे उभं राहायचं नाही हे पीकारला अनुभवाने ठाऊक, कारण ती किमतीवरून वाद घातल्याशिवाय हलायची नाही. तरी तो नेमका तिच्याच मागे सापडतो, आणि वाद सुरू होतो. कथानक म्हणून विचाराल तर एवढंच. आता हेच गद्यात कसं येईल पाहा. 'रांगेत बराच वेळ गेला' असं वाक्य लिहिलं की तो वेळ संपला, वाचकाला तो सोसावा लागला नाही. सिनेमात तो खरोखर सोसावा लागतो, म्हणून दिग्दर्शक कात्री चालवतो. कॉमिक्समध्ये वेळ पानावर पसरलेला असतो. जवळजवळ तीच चौकट पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा येते. फक्त मान थोडी कलते, भुवई चढते, खांदे पडतात. पान उलटलं की सगळ्या चौकटी एकदम नजरेत येतात, त्यामुळे रांग तळापर्यंत हललेली नाही हे वाचकाला आधीच कळतं आणि बिचाऱ्या पीकारला एकेका चौकटीने कळत जातं. या अंतरातून येणारं हसू आणि वैताग दुसऱ्या कुठल्या माध्यमात मिळेल? घडण्याचा अर्थ ज्यांना फक्त 'मोठं काही घडणं' असा लागतो, त्यांना इथे काही दिसणार नाही. पण मग त्यांची तक्रार पीकारशी नाही, रांगेशी आहे, आणि माणसाच्या आयुष्यातला बराच भाग अशाच रांगांत जातो.

आणखी एक गोष्ट, तीही क्रमचीच चित्रं असलेली, जेमतेम तीन पानांची. पीकार पाव आणायला बाहेर पडलेला आहे. मनात एकच चक्र: समजा एखाद्या मोठ्या प्रकाशकाने आपलं पुस्तक काढलं, पैसा आला, नाव झालं, नोकरी सुटली, तर आपण लिहिणार कशावर? तो पाव घेतो, परत निघतो, आणि हातातल्या ताज्या पावाचा वास त्याला विचारातून बाहेर ओढतो. आक्षेप घेणारे म्हणतील, विचारच दाखवायचे तर निबंध लिहावा. पण निबंधात विचार एकटा चालतो. इथे तो रस्त्याने चालतो, बेकरीत शिरतो, पैसे मोजतो. फुग्यांमध्ये आयुष्य बदलून टाकणारा प्रश्न आणि त्याखाली कोट घातलेला एक माणूस, पाव आणायला निघालेला. दोन्ही एकाच चौकटीत, आणि कुणीही दुसऱ्याला बाजूला सारत नाही. मोठे प्रश्न माणसाला पडतात ते असेच, हातात पिशवी असताना.

दुसरी तक्रार आत्ममग्नतेची, आणि मला वाटतं तीच मुख्य आहे. गद्य आत्मचरित्रात 'मी' हा डोळा असतो. तो जग पाहतो, स्वतः सहसा दिसत नाही. कॉमिक्समध्ये ही सोय नाही. लेखकाला आपला देह काढावा लागतो. वाढलेली दाढी, चुरगळलेला शर्ट, वाकलेली पाठ घेऊन तो इतरांच्या शेजारी, इतरांएवढ्याच आकारात उभा राहतो. 'मी' म्हणायचं आणि स्वतःला 'तो' म्हणून दाखवायचं, ही या प्रकाराची पहिलीच अट आहे. पीकारने तर आणखी पुढची पायरी गाठली, कारण त्याचा देह काढणारे हात त्याचे नव्हते. क्रमच्या रेषेत तो घामट, डोळे वटारलेला, स्फोटाच्या बेतातला दिसतो. गॅरी डमकडे तो साधा, शेजारच्या इमारतीतला माणूस होतो. जेरी शामरेच्या चित्रांत छायाचित्रासारखा करडा आणि खिन्न. फ्रँक स्टॅकच्या भराभर ओढलेल्या रेषांमध्ये तो जवळजवळ विरघळतो. हे सगळे हार्वी पीकार, आणि कुठलाही एक दुसऱ्यासारखा नाही. 2003 साली त्याच्यावर निघालेल्या चित्रपटात या गोष्टीचा छान उपयोग केला आहे: पुढे त्याची बायको झालेली जॉइस ब्रॅबनर त्याला पहिल्यांदा भेटायला येते, आणि समोर कोणता हार्वी येणार हे तिला समजत नाही, कारण तिने पाहिलेत ते नाना हातांनी काढलेले हार्वी. आत्मपूजा करणारा माणूस आपली मूर्ती इतक्या जणांच्या हाती सोपवत नाही. इतकं करूनही शंका उरली असेल तर पीकारने क्रमकडून काढून घेतलेली नावाची गोष्ट पाहावी. एक माणूस वाचकाकडे तोंड करून उभा, चौकटीमागून चौकट तोच, आणि तो सांगतो आहे की क्लीव्हलंडच्या टेलिफोन डिरेक्टरीत आपल्याच नावाची दुसरी माणसं कशी सापडली. ती कोण असतील, कशी जगत असतील, याचं त्याला कुतूहल वाटत राहतं, मग त्यांच्या मरणाची बातमी येते, आणि सरतेशेवटी या नावाचा धनी नक्की कोण हाच प्रश्न शिल्लक राहतो. 'मी'ला इतकं पातळ करणारी चार पानं गंभीर आत्मचरित्रांतही विरळाच.

याच 'मी'चं काय होतं ते चौकट दुसऱ्याच्या हाती गेल्यावर कळतं. 1986 ते 1988 या काळात डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात पीकारला अनेकदा बोलावलं गेलं. तोच माणूस, तीच नोकरी, तोच तिरसटपणा. पण तिथे प्रेक्षक हसले ते त्याला. क्लीव्हलंडचा विक्षिप्त कारकून ही त्याची तिथली भूमिका होती, आणि ती तो काही काळ निभावत राहिला, कारण अंक खपायला हवे होते. 1988 मध्ये त्याने त्याच कार्यक्रमात जनरल इलेक्ट्रिकवर तोफ डागली. कार्यक्रम ज्या एनबीसी वाहिनीवर होता, तिची मालकी या कंपनीकडे होती. यजमान भडकला, संवाद चिघळला, आणि हसण्याचं कंत्राट संपलं. रोजचं जगणं दाखवायला काय हरकत आहे, ते टीव्हीवर दिसतंच की, असं म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. टीव्हीला सामान्य माणूस चालतो, पण नमुना म्हणून. 'अमेरिकन स्प्लेंडर'च्या पानांवर तोच माणूस आपल्या सहकाऱ्यांना, उदाहरणार्थ संगीतावर ठाम मतं बाळगणाऱ्या मिस्टर बोट्सना, बोलू देतो, त्यांचं बोलणं नीट ऐकतो, आणि स्वतः कोपऱ्यात उभा राहतो. आत्ममग्न म्हणतात तो हा.

आता इतिहासाच्या जामिनाकडे परत येऊ. 'माउस'चं उदाहरण आक्षेपकांना सोयीचं वाटतं, पण ते त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. त्या पुस्तकातल्या व्लादेकला, स्पीगलमनच्या बापाला, आठवून पाहा. छावणीतून वाचून आलेला हा म्हातारा काड्यापेटीतल्या काड्या वाचाव्यात म्हणून गॅस पेटता ठेवतो, गोळ्या मोजत बसतो, मुलाचा कोट त्याला न विचारता टाकून देतो, उघडलेली खाण्याची पाकिटं दुकानात परत करायला जातो. इतिहासाने या माणसाचं काय केलं ते छळछावणीच्या पानांइतकंच या पानांवर कळतं. मुलगा आणि बाप स्वयंपाकघरात एकमेकांवर वैतागतात तो भाग काढून टाकला तर 'माउस' एक उत्तम ऐतिहासिक दस्तऐवज उरेल, 'माउस' उरणार नाही. (गंमत म्हणजे स्वतः पीकारला ते पुस्तक पूर्ण पटलं नव्हतं. माणसांना प्राण्यांची तोंडं देणं आणि बापाला रंगवण्याची रीत, या दोन्हींवर त्याने जाहीर टीका केली. मला ती टीका काहीशी कडक वाटते, पण साधी माणसं साध्या चेहऱ्यांनी दाखवा हा त्याचा आग्रह त्याच्या सगळ्या कामाशी सुसंगत आहे.) मराठी वाचकाला तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये धर्मांतरासारखी मोठी घटना आहे, त्या काळाच्या दृष्टीने भूकंपच. तरी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहिलं ते वडिलांचं टोकाचं सोवळं, पती टिळकांचा विसराळूपणा, घरातले पाहुणे आणि पैशांची ओढाताण. या पुस्तकाला थोर म्हणणारा वाचक चौकटीतल्या कारकुनाला 'तुझ्या आयुष्यात काय घडलंय?' असं कुठल्या तोंडाने विचारतो? अडचण विषयाची नसून चित्रांची आहे, असा माझा संशय आहे. 1967 साली मुंबईत अमर चित्रकथा सुरू झाली, तेव्हापासून चौकटी म्हटलं की देव, राजे आणि वीर हे समीकरण आपल्याकडे घट्ट बसलं. पराक्रमासाठी चित्र आणि संसारासाठी गद्य ही वाटणी आपण कधी तपासलीच नाही.

सर्वांत बोचरा आक्षेप मात्र बाहेरून आलेला नाही, घरातूनच आला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत अशा कॉमिक्सचं पेव फुटलं होतं, तेव्हा डॅनियल क्लाऊझने 'जस्ट अनदर डे' नावाची छोटीशी कथा काढली. तीत चित्रकार सकाळी दात वगैरे घासतो, सगळं अगदी प्रामाणिक; मग तो खोटा ठरतो आणि 'खरा' क्लाऊझ पुढे येतो; मग तोही खोटा. प्रामाणिकपणा हीसुद्धा एक पोझ आहे, हा टोला बिनतोड आहे आणि तो मी मान्य करतो. साधेपणाचं नाटक करणारी, शेंबूड आणि मत्सर यांची कबुली देऊन त्याबद्दल शाबासकी मागणारी पुस्तकं ढिगाने निघाली आणि अजूनही निघतात. रोज एक पट्टी काढायचीच असा नेम करणाऱ्यांच्या पट्ट्यांत तर कित्येक दिवस नेमापुरतेच भरलेले दिसतात. पण खराब ऐतिहासिक कादंबऱ्यांचेही ढीग आहेत, म्हणून कुणी इतिहासावर लिहिणं बंद करा म्हणत नाही. आणि पीकारच्या बाबतीत हा टोला चुकतो, कारण त्याचं कारकूनपण ही पोझ नव्हती, तो पगार होता. 1987 साली त्याच्या संग्रहाला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं. त्यानंतरही चौदा वर्षं तो त्याच फाइली लावत राहिला. पाव आणायला जाताना पडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने असं दिलं.

आक्षेपातली आणखी एक गोष्ट मला खटकते. 'रोजचं जगणं क्षुल्लक' हे वाक्य सहसा ते बोलतात, ज्यांच्या रोजच्या जगण्याची उस्तवार दुसरं कुणीतरी करतं. म्हणून या प्रकारात सुरुवातीपासून बायका पुढे होत्या याचं मला आश्चर्य वाटत नाही. अलीन कोमिन्स्कीची पहिली आत्मकथनपर गोष्ट 1972 सालची, म्हणजे 'अमेरिकन स्प्लेंडर'च्या चार वर्षं आधीची. माँट्रियलच्या जुली दूसेचं पान घ्या. माणसं बोलत असतात, पण डोळा आधी जातो तो खोलीकडे: जमिनीवर बाटल्या, न धुतलेली भांडी, चुरगळलेले कपडे, भरून वाहणारं रक्षापात्र, आणि प्रत्येक वस्तू तितक्याच काळ्या शाईत, तितक्याच काळजीने काढलेली. पसारा इथे पार्श्वभूमी नाही. माणूस त्या पसाऱ्यातून वाट काढत बोलतो, आणि 'माय न्यूयॉर्क डायरी'त तर बिघडत चाललेला संसार संवादांच्या आधी त्या खोलीत वाचता येतो. गद्य लेखिकेला हे सामान एकेक करून सांगावं लागलं असतं आणि तिसऱ्या वस्तूला वाचक कंटाळला असता. 2022 साली फ्रान्समधल्या आंग्युलेमच्या कॉमिक्स महोत्सवाने दूसेला सर्वोच्च सन्मान दिला. पुरस्कारांनी वाद मिटत नाहीत, पण ज्यांना अशी कॉमिक्स हौशी वहीतला खेळ वाटतात, त्यांनी निदान हे नोंदवावं.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबतो. लेखकाने स्वतःला वाटेल तसं काढावं. पण सहकारी, शेजारी, आधीच्या बायका यांनी काय घोडं मारलं आहे? त्यांचे चेहरे, त्यांच्या लकबी, त्यांची भांडणं छापायला त्यांची परवानगी कुणी घेतली? याला संपूर्ण समाधानकारक उत्तर नाही. गद्य आत्मचरित्रालाही हाच दोष लागतो म्हणून सुटका होत नाही, कारण चेहरा काढला की माणूस रस्त्यात ओळखू येतो. पीकारच्या कामात याला एकच खरा उतारा सापडतो. 1994 सालच्या 'अवर कॅन्सर इयर'मध्ये त्याच्या लिम्फोमाच्या काळाची कहाणी आहे आणि ती त्याने एकट्याने लिहिलेली नाही. जॉइस सहलेखिका आहे. आजाऱ्याची शुश्रूषा करून थकलेली, चिडलेली, त्याच वेळी घर घेण्याच्या व्यवहारात अडकलेली बायको आपली बाजू स्वतः मांडते, आणि हार्वी त्यात अनेकदा चांगला दिसत नाही. ज्याच्यावर लिहायचं त्याच्या हातात पेन देणं प्रत्येक वेळी शक्य नसतं, हे खरं. पण शक्य असतं तेव्हाही फार थोडे देतात.

राहिला आजचा मुद्दा: फोनवर जो तो आपली सकाळ, नाश्ता आणि प्रवास दाखवत असताना या चित्रांची गरजच काय? गरज वाढली आहे, असं मी म्हणेन. फोनसमोरचा माणूस पाहिला जाण्याच्या क्षणीच जगत असतो. कॅमेरा सुरू आहे हे त्याला ठाऊक असतं आणि चेहरा त्याप्रमाणे बसतो. चित्र नंतर काढलं जातं. एकेका चौकटीला तास लागतात, आणि तेवढे तास त्या चिडलेल्या चेहऱ्याकडे बघत बसल्यावर आपण त्या वेळी चुकलो की बरोबर होतो याचा विचार टळत नाही. वर पीकारच्या पद्धतीत तर तो चेहरा दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर असतो. आपल्याकडे हे जमायचं नाही, लिहिणाऱ्याला चित्र कुठे येतं, ही सबब इथे ऐकू येते; तिला तर पीकारने 1976 सालीच निकालात काढलं आहे. मराठी दिवाळी अंकांत लेखक आणि रेखाटनकार एकाच अनुक्रमणिकेत शेजारी शेजारी असतात. कथा आधी पूर्ण लिहून मग चित्रकाराकडे पाठवायची, हा आपला क्रम आहे. त्याऐवजी चौकटी आखलेला कागद आणि काडीची माणसं पाठवून पाहायला कुठल्याही संपादकाला जादा खर्च येणार नाही.